व्हर्माँटमधल्या १६० एकर रानावर कॉन्झर्वेशन ईझमेंट: दस्तात काय घालावं, काय बाहेर ठेवावं?

मेपलवाडी:

अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्याच्या विंडसर काउंटीत तीन मित्रकुटुंबांच्या एलएलसीच्या (मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या) नावावर १६० एकर रान आहे. खरेदी जून २०२४ ची, किंमत ३,९०,००० डॉलर, त्यापैकी १,२०,००० बँकेचं कर्ज. साधारण निम्म्या भागात शुगर मेपल, बाकी यलो बर्च, बीच, थोडा ॲश, ओढ्याच्या कडेने हेमलॉक. जमीन राज्याच्या 'करंट यूज' योजनेत (बाजारभावाऐवजी वापरमूल्यावर मालमत्ता कर) आहे आणि रानाच्या व्यवस्थापनाचा दहा वर्षांचा आराखडा काउंटी फॉरेस्टरने मंजूर केलेला आहे.

तिथे प्लॉट पडू नयेत यावर तिन्ही कुटुंबांचं एकमत आहे. लाकूडतोड आणि मेपलचा रस काढणं मात्र पुढेही चालू राहायला हवं. एक लँड ट्रस्ट (जमीन राखणारी संस्था) ईझमेंट, म्हणजे जमीन आमचीच ठेवून बांधकामासारखे हक्क कायमचे सोडून देण्याचा दस्त, घ्यायला तयार आहे, त्यांचा मसुदा आला आहे. प्रश्न असे:

१. मसुद्यात '१४ इंचांपेक्षा कमी व्यासाचं झाड तोडू नये' आणि 'जातींचं सध्याचं प्रमाण कायम राखावं' अशी कलमं आहेत. ती ठेवावीत का?
२. एलएलसीमार्फत दान दिलं तर आयकरात वजावट मिळते का? २०२२ च्या कायद्याने ती बंद झाली असं ऐकलं आहे.
३. कर्ज फिटलेलं नसताना हे करता येतं का?
४. पुढच्या पिढीत कुणाला एखादं घर बांधायचं झालं तर?

सावलीचंझाड:

पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. ती दोन्ही कलमं काढायला सांगा, आणि नीट कारण देऊन सांगा. ट्रस्टची माणसं समजूतदार असतात, पण मसुदे बरेचदा जुन्या दस्तांवरून उतरवलेले असतात.

दस्त कायमचा, आराखडा दहा वर्षांचा. जे कधीच बदलू नये ते दस्तात जावं आणि जे रानाच्या तब्येतीप्रमाणे बदलणार ते आराखड्यात. तुमच्या मसुद्यात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

व्यासाची अट वाचताना सौम्य वाटते: लहान झाडांना हात लावायचा नाही, मोठी तेवढी काढायची. पण न्यू इंग्लंडच्या (व्हर्माँट आणि आसपासच्या राज्यांच्या) डोंगरांवर एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांची कुरणं होती. ती ओस पडली आणि त्यावर रान उठलं, पुष्कळ ठिकाणी एकाच वेळी. त्यामुळे शेजारशेजारचं १६ इंची आणि ८ इंची मेपल बहुतेकदा एकाच वयाचं असतं. ८ इंची झाड पोर नव्हे, ते उजेडाच्या स्पर्धेत मागे पडलेलं, वाकडं किंवा आतून कुजायला लागलेलं झाड आहे. दर फेरीला १४ इंचांवरची झाडं काढत गेलात तर दोन फेऱ्यांत रानात बियाणं म्हणून उरतात ती सगळ्यात निकृष्ट झाडं. चांगला फॉरेस्टर नेमका उलटा वागतो. तो आधी १० इंची वाकडी झाडं काढतो आणि १६ इंची सरळ मेपलला वाढायला जागा देतो. तुमच्या मसुद्यातल्या कलमाने हेच काम बेकायदा ठरेल.

जातींच्या प्रमाणाचंही तसंच. एमराल्ड ॲश बोरर हा किडा मिशिगनमध्ये २००२ साली सापडला आणि व्हर्माँटमध्ये २०१८ साली. ॲशचं प्रमाण कायम राखायची अट दस्तात असेल तर किडा आल्यावर मालक पहिल्याच दिवशी कलमभंगात सापडतो, त्यात त्याची काही चूक नसताना. बीचची अडचण वेगळी. सालीच्या रोगाने मोठी झाडं मरतात आणि मुळांतून शेकडो फुटवे येतात. त्यांच्या दाट सावलीत मेपलची रोपं उठतच नाहीत. तिथे बीचचं प्रमाण मुद्दाम कमी करावं लागतं.

दस्तात हे असावं: निवासी आणि व्यापारी बांधकामाला बंदी, जमिनीचे तुकडे पाडायला बंदी, खाणकामाला बंदी, ओढे आणि पाणथळ जागांचं रक्षण. तोडीबद्दल एवढंच पुरे की ती परवानाधारक फॉरेस्टरने लिहिलेल्या, ट्रस्टने मान्य केलेल्या आणि दहा वर्षांपेक्षा जुन्या नसलेल्या आराखड्याप्रमाणे होईल आणि तोडीआधी ३० दिवस लेखी सूचना दिली जाईल. आराखड्याची मुदत संपली तर तोड थांबेल, हे वाक्य मात्र दस्तात हवंच. त्याच्याशिवाय आराखड्याला दात नाहीत. दर एकरी किती बेसल एरिया (उभ्या झाडांच्या खोडांच्या छेदांचं एकूण क्षेत्रफळ) मागे ठेवायचा, कुठे निवडक तोड आणि कुठे छोटे गट काढायचे, हे सगळं आराखड्यात.

वादळ, बर्फ आणि किडीसाठी अपवाद लिहून घ्या. जानेवारी १९९८ च्या बर्फवादळात उत्तर न्यू इंग्लंडमधली मेपलची रानं शेंड्यांपासून मोडली होती. अशा वेळी पडलेलं लाकूड उन्हाळ्यात डागाळायच्या आत काढावं लागतं, मंजुरीच्या फेऱ्या परवडत नाहीत. 'काम सुरू करण्याआधी कळवणे आणि ९० दिवसांत आराखड्यात दुरुस्ती करणे' एवढी अट बास आहे.

पाण्यासाठी राज्याची तोडीबाबतची नियमावली आहे. तिच्यात उतार १० टक्क्यांपर्यंत असेल तर ओढ्याकाठी ५० फुटांचा पट्टा आणि पुढच्या प्रत्येक १० टक्क्यांना २० फूट वाढ असं कोष्टक आहे. ते दस्तात उतरवू नका. 'त्या त्या वेळी लागू असलेली नियमावली' असं लिहा, म्हणजे नियम कडक झाले की ईझमेंटही आपोआप कडक होतं. हेमलॉकच्या पट्ट्यात त्याहून जास्त अंतर हवं असेल तर तो पट्टा नकाशावर आखून वेगळा दाखवा.

रस काढण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत राखून ठेवा: नळ्यांचं जाळं, व्हॅक्यूम पंप, विजेची तार, टाक्या, शुगरहाउस (रस उकळण्याची खोली) आणि तिथवरचा रस्ता. ज्या दस्तांत नुसतं 'मेपल उत्पादनाला परवानगी' असतं तिथे पुढे पंपाच्या खोपट्यावरून भांडण होतं, कारण दुसऱ्या कलमात 'कोणतंही बांधकाम' बंद असतं. शुगरहाउसचं कमाल क्षेत्रफळ आणि जागा लिहून टाका. किती व्यासाच्या झाडाला किती भोकं हे आराखड्यात. साधारण रीत अशी की १० ते १२ इंचांखाली भोक पाडू नये आणि दुसरं भोक १८ इंचांच्या पुढे. आणि एक कळकळीने: रसाच्या नादात बाकीच्या जाती साफ करू नका. निव्वळ मेपलचं रान एका किडीत किंवा एका कोरड्या उन्हाळ्यात आडवं होतं. पाचवा ते चौथा हिस्सा इतर जाती राहू द्या.

कायमखत:

प्रश्न २ आणि ३.

वजावट बंद झालेली नाही. २०२२ च्या शेवटी झालेल्या सिक्युअर २.० कायद्याने भागीदारी आणि एलएलसीसाठी एक मर्यादा घातली: वजावटीची रक्कम भागीदारांच्या संबंधित मूळ गुंतवणुकीच्या अडीच पटीपेक्षा जास्त असेल तर पूर्ण वजावट नामंजूर. जादा रक्कमच नव्हे, सगळीच. जमीन आणि भागीदारांचे हिस्से तीन वर्षं हातात असतील किंवा एलएलसी जवळजवळ पूर्ण एकाच कुटुंबाची असेल तर ही मर्यादा लागत नाही. तुम्ही मित्र आहात, म्हणून कुटुंबाची सवलत नाही. तीन वर्षं जून २०२७ ला भरतात. मधे कुणी नवा भागीदार घेतलात तर त्याच्या तारखेपासून पुन्हा मोजणी.

पण तुमच्या बाबतीत हा आकडा गाठलाच जाणार नाही. मूल्यांकन 'आधी आणि नंतर' पद्धतीने होतं. समजा ईझमेंटआधी किंमत ४,००,००० आणि नंतर २,६०,००० ठरली, तर दान १,४०,००० चं. दर कुटुंबाला साधारण ४६,६०० डॉलर. वर्षाची मर्यादा समायोजित उत्पन्नाच्या ५० टक्के आहे आणि उरलेलं पुढची १५ वर्षं नेता येतं. २,००,००० उत्पन्नाच्या कुटुंबाला १,००,००० पर्यंत मुभा आहे, म्हणजे पहिल्याच वर्षी सगळं बसतं. २०२६ पासून दानातला उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याइतका पहिला भाग वजा होत नाही, या उदाहरणात १,००० डॉलर. निम्म्याहून जास्त उत्पन्न शेतीचं किंवा झाडं वाढवण्याचं असेल त्याला ५० ऐवजी १०० टक्क्यांची मुभा आहे. नोकरदाराला ती मिळत नाही.

कुणी मूल्यांकन १०,००,००० वर नेऊन दाखवतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. याच उद्योगामुळे तो कायदा आला.

वजावट जाते ती बहुधा कागदांच्या तारखांमुळे. मूल्यांकनाची तारीख दानाच्या ६० दिवसांपेक्षा आधीची नको. आयकर खात्याच्या फॉर्म ८२८३ वर (वस्तुरूप दानाचा फॉर्म) मूल्यांकनकार आणि ट्रस्ट दोघांची सही हवी, खरेदीची किंमत आणि तारीख भरलेली हवी. रक्कम ५,००,००० च्या वर गेली तर पूर्ण अहवालच जोडावा लागतो. ट्रस्टचं पोचपत्र विवरणपत्र भरण्याआधी हातात हवं आणि 'बदल्यात कोणतीही वस्तू किंवा सेवा दिली नाही' हे वाक्य त्यात हवं. हे एक वाक्य नसल्याने लाखोंच्या वजावटी बुडालेल्या आहेत.

'रान वाचवणं' एवढं कारण आयकर खात्याला पुरत नाही. कायद्यात हेतूंचे ठरावीक वर्ग आहेत. तुम्हाला लागू पडणारे दोन: वन्यजीवांचा तुलनेने नैसर्गिक अधिवास, आणि सरकारच्या स्पष्ट धोरणाला धरून मोकळी जमीन राखणं. प्रस्तावनेत टाउन प्लॅनमधला नेमका परिच्छेद, करंट यूजमधली नोंद आणि ओढा कुठल्या नदीला मिळतो हे लिहा.

कर्जाबद्दल: करता येतं, पण बँकेने आपला बोजा ईझमेंटच्या खाली आणल्याचं खत द्यायला हवं आणि ते ईझमेंट नोंदवण्याच्या आधी किंवा त्याच वेळी नोंदलं जायला हवं. नंतर आणलेलं चालत नाही, मधल्या काळात एकही हप्ता चुकला नसला तरी. मिचेल यांच्या खटल्यात दहाव्या सर्किट न्यायालयाने २०१५ मध्ये हेच म्हटलं. बँका या खताला महिने लावतात, कारण त्यांचं तारण कमी होतं. १,४०,००० गेल्यावर २,६०,००० ची जमीन १,२०,००० च्या कर्जाला पुरते हे मूल्यांकनाच्या मसुद्यासकट दाखवा.

ईझमेंट पुढेमागे न्यायालयाने रद्द केलं, किंवा सरकारने जमीन रस्त्यासाठी घेतली, तर मिळालेल्या पैशातला ट्रस्टचा वाटा कसा मोजायचा याचं कलम दस्तात लागतं. इथे स्वतःची भाषा वापरू नका. आयकर खात्याच्या नोटीस २०२३-३० मधला नमुना शब्दशः घ्या.

ओढ्याकाठी:

सावलीचंझाड यांच्याशी बहुतांश सहमत, पण एका ठिकाणी नाही. सगळं आराखड्यावर सोडलं तर तीस वर्षांनी येणारा मालक आपल्याला हवा तसा फॉरेस्टर आणेल आणि ट्रस्टकडे 'आराखडा मान्य करत नाही' म्हणायला आधार राहणार नाही. दस्तात खालची रेघ हवी. राज्याचा १९९७ चा कायदा ४० एकरांवरच्या जड तोडीला आधी परवानगी मागायला लावतो, म्हणजे ३९ एकर सफाचट करायला तो आडवा येत नाही. १६० एकरांत ३९ म्हणजे पाव रान.

म्हणून सलग मोकळ्या तोडीच्या क्षेत्राला कमाल मर्यादा, फार तीव्र उतारावर यंत्र नेण्यास बंदी आणि ओढ्याकाठच्या पट्ट्यात सावलीचं किमान छत, या तीन गोष्टी दस्तातच असाव्यात. त्यांचा जातींशी किंवा किडींशी संबंध नाही, म्हणून त्या शिळ्याही होत नाहीत.

दुसरं, स्किडरच्या (तोडलेले ओंडके ओढून नेणाऱ्या यंत्राच्या) वाटा. तपासणीला आलेला माणूस झाडांपेक्षा आधी जमीन बघतो. काम संपल्यावर वाटेवर पाणी वळवणारे आडवे बांध घातलेत का, १० टक्के उतारावर ८० फुटांनी आणि २० टक्क्यांवर ४५ फुटांनी आहेत का, ते वाटेला तिरके आहेत का, खालचं तोंड उघडं आहे का, आणि पाणी ओढ्यात न जाता पाचोळ्यात जिरतं का. बांध वाटेला काटकोनात घातला तर पाणी मागे तुंबतं आणि पहिल्या जोरदार पावसात मधूनच फुटतं. मग वाटेचाच ओढा होतो. तोडीचा करार करताना लॉगरची अनामत हे बांध बघितल्याशिवाय सोडू नका आणि जमीन गोठलेली असतानाच ओलसर भागात काम करा.

सावलीचंझाड:

मोकळ्या तोडीच्या मर्यादेचा मुद्दा मान्य. फक्त 'किडीने किंवा वादळाने मेलेलं रान सोडून' असं पुढे जोडा.

कायमखत:

प्रश्न ४ राहिला. घराचा हक्क आजच राखून ठेवा, नंतर मिळत नाही. एक जागा, ३ एकरांच्या आत, मोजणी करून नकाशावर आखलेली, शक्यतो रस्त्यालगत आणि विजेच्या खांबाजवळ. 'मालक पुढे निवडेल ती जागा' असं ठेवलं तर आयकर खातं हरकत घेतं, कारण मग नेमकी कुठली जमीन कायमची राखली तेच ठरत नाही. राखलेल्या घरामुळे 'नंतरची' किंमत वाढते आणि वजावट थोडी घटते. ते परवडतं.

घर बांधलंत की करंट यूजमधून साधारण २ एकर बाहेर पडतील आणि त्या भागाच्या बाजारभावाच्या १० टक्के कर लागेल. ईझमेंट केल्याने मात्र हा कर लागत नाही. करंट यूजमध्ये आधीच वापरमूल्यावर आकारणी होते, म्हणून ईझमेंटने मालमत्ता कर आणखी कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

मेपलवाडी:

सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. ट्रस्टने 'स्टुअर्डशिप फंड' म्हणून रक्कम मागितली आहे, हे रीतसर आहे का? आणि दान देण्याऐवजी ईझमेंट विकता येतं का?

ओढ्याकाठी:

रीतसर आहे, आणि न मागणाऱ्या ट्रस्टपासून सावध राहा. दरवर्षी माणूस पाठवून हद्दी फिरायच्या, अहवाल लिहायचा, शंभर वर्षांनी एखाद्या मालकाशी कोर्टात उभं राहायचं, याचा पैसा आजच बाजूला पडायला हवा. ट्रस्ट मान्यताप्राप्त आहे का आणि टेराफर्मा या ट्रस्टांच्या सामायिक विमा कंपनीत आहे का ते विचारा. हद्दीची मोजणी, शीर्षक (मालकीहक्काची) तपासणी, मूल्यांकन, बेसलाइन, वकील आणि हा फंड धरून डॉलरमध्ये पाच आकडी खर्च गृहीत धरा.

बेसलाइन अहवालात कंजूषी करू नका. सही करण्याच्या दिवशी जमीन कशी होती याचा तो एकमेव पुरावा. प्रत्येक फोटोला जीपीएस बिंदू, होकायंत्राची दिशा आणि तारीख. जुनी दगडी भिंत, पडकं खोपटं, आधीच्या मालकाने टाकलेला भंगाराचा ढीग, शेजाऱ्याने पाडलेली एटीव्हीची वाट, सगळं टिपून घ्या. जे टिपलं नाही ते पुढे तुम्ही केलं असं धरलं जाऊ शकतं.

विकता येतं. १९९० च्या फार्म बिलातून आलेल्या फॉरेस्ट लेगसी योजनेत केंद्र सरकार खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत देतं, बाकी राज्य, ट्रस्ट किंवा मालकाने सोडलेली किंमत. पण निवड देशभरातल्या स्पर्धेतून होते आणि एकट्या १६० एकरांचा नंबर लागणं कठीण. शेजारच्या मालकांना घेऊन सलग तुकडा केलात तर शक्यता वाढते. कमी किमतीला विकून फरकाची वजावट घेणं हा मधला मार्ग.

एकरी भावाची तुलना मोठ्या व्यवहारांशी करू नका. मेन राज्यात पिंग्री कुटुंबाच्या ७,६२,१९२ एकरांचं ईझमेंट २००१ मध्ये न्यू इंग्लंड फॉरेस्ट्री फाउंडेशनने सुमारे २.८ कोटी डॉलरना घेतलं, एकरी साधारण ३७ डॉलर. तिथे घर बांधण्याचा दबावच कमी, म्हणून सोडलेल्या हक्काची किंमतही कमी. डांबरी रस्त्याला लागून असलेल्या रानाचं गणित वेगळं.

कोंडअसुर्डे:

विषय थोडा बाजूला नेतोय. रत्नागिरी जिल्ह्यात आमचं मालकी रान आहे, ऐन, किंजळ आणि बेहड्याचं. कोळशासाठी आणि लाकडासाठी आजूबाजूची रानं दर काही वर्षांनी साफ होतात. असा कायमचा हक्क तिथे एखाद्या संस्थेला देता येईल का?

कायमखत:

या स्वरूपात नाही. १८८२ च्या भारतीय ईझमेंट कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सुविधाधिकार हा एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. लाभणारी जमीन नसलेल्या संस्थेला तो धारण करता येत नाही. अमेरिकेतही जुन्या कायद्यात हीच अडचण होती. ती १९८१ च्या नमुना कायद्याने आणि राज्यांच्या स्वतंत्र कायद्यांनी दूर झाली. आपल्याकडे तसा कायदा नाही.

उरतात ते मार्ग असे. मुदतीचा संवर्धन करार: पुण्याची एईआरएफ ही संस्था संगमेश्वर भागात जमीनमालकांशी आणि गावांशी मोबदला देऊन असे करार करते. तो करार मुख्यतः सही करणाऱ्यांना बांधतो, जमीन विकली की नव्या मालकाला धरणं अवघड. लांब मुदतीचा भाडेपट्टा सुचवला तर कुळकायद्याचं कलम ६३ आधी वाचा, कारण बिगरशेतकऱ्याला शेतजमीन भाड्याने देण्यावरही तिथे बंदी आहे, परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६-सी आलं. त्यात खासगी मालक स्वेच्छेने जमीन 'समुदाय राखीव' करू शकतो आणि नंतर व्यवस्थापन समितीच्या ठरावाशिवाय व राज्य सरकारच्या मान्यतेशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. टिकाऊपणात ईझमेंटच्या सर्वात जवळ जाणारं हेच. पण तिथे लाकूडतोड नेहमीसारखी चालू ठेवता येईल असं धरून चालू नका.

या सगळ्याच्या आधी सातबारा आणि फेरफार काढा. 'खाजगी वन' अशी नोंद असेल तर १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने जमीन ३० ऑगस्ट १९७५ लाच सरकारजमा झाल्याचा दावा असू शकतो, आणि कलम २२-अ खाली १२ हेक्टरपर्यंतची परत मिळाली की नाही ते बघावं लागतं. जमीन आपली आहे हे पक्कं नसताना पुढचे कागद करून उपयोग नाही.

मेपलवाडी:

ट्रस्टला मसुद्यातल्या दोन्ही कलमांबद्दल आणि मोकळ्या तोडीच्या मर्यादेबद्दल लिहितो. शेवटची शंका: कागदांचा क्रम कसा लावावा?

कायमखत:

आधी शीर्षक तपासणी. त्यात खनिज हक्क कुणी पूर्वी वेगळे विकलेत का ते नक्की बघा, कारण उघड्या खाणीची शक्यता उरली तर वजावट जाते. मग हद्दीची मोजणी आणि घराच्या जागेची आखणी. त्याच सुमाराला बँकेला पत्र, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. मसुदा अंतिम झाल्यावर बेसलाइन, पानगळीनंतर आणि बर्फ पडायच्या आत, जमीन दिसते तेव्हा. मूल्यांकनाची तारीख शेवटच्या ६० दिवसांत. सहीच्या दिवशी बेसलाइनवर दोन्ही बाजूंच्या सह्या, आणि टाउन क्लार्ककडे (गावाच्या दस्त नोंदणाऱ्या अधिकाऱ्याकडे) नोंदणीला आधी बँकेचं खत, त्याच्या लगेच मागे ईझमेंट. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. नोंदणी १ जानेवारीनंतर झाली तर वजावट पुढच्या वर्षात जाते आणि मूल्यांकनाचे ६० दिवसही उलटून जाऊ शकतात.